जोड्याच्या पोटातलं लाकूड

पोलादपुरात जूनच्या मध्यापासून चामड्याचा बंद जोडा वापरणं हा हट्टच म्हणायचा. डोक्यावर महाबळेश्वर, पायथ्याशी सावित्री आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर जाणारा पाऊस. शेतावर जाणारा माणूस गमबूट किंवा प्लॅस्टिकची चप्पल घालून मोकळा होतो. ज्यांना गणवेश आहे त्यांची मात्र सुटका नाही. शाळेतली पोरं, पोलीस आणि सुट्टीवर आलेले जवान या सगळ्यांना बूट लागतातच. जवान इथे काही नवलाई नाही. महाडजवळचं फौजी आंबवडे तर पहिल्या महायुद्धापासून सैन्यात माणसं धाडणारं गाव. या बुटांचं चार महिन्यांत काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. चवड्यापाशी आडव्या घड्या पडतात, टोक वर वळतं, टाच दबते आणि आत पांढरी बुरशी धरते. दसऱ्याला जोडा बाहेर काढावा, तर तो त्याच पायात शिरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे जोड्याच्या पोटात बसणारं, पावलाच्या आकाराचं लाकूड. मोठ्या शहरांतल्या भारी दुकानांत ते पेटीत घालून, पितळी मुठीसह विकतात, त्यामुळे ही श्रीमंतांची चैन आहे असा समज झाला आहे. खरं तर ते चर्मकाराच्या कलबुताचंच धाकटं भावंड. कलबूत, म्हणजे आज कारखान्यांत ज्याला फर्मा म्हणतात तो ठोकळा, जोडा घडवण्यासाठी असतो. हे दुसरं लाकूड घडलेला जोडा राखण्यासाठी.

दोघांचं काम एकाच गोष्टीवर चालतं. चामडं म्हणजे तंतूंचं गुंतलेलं जाळं. ओलं झालं की तंतू एकमेकांवरून सरकतात, वाळलं की असतील तिथे थांबतात. कारागीर याचाच फायदा घेतो. वरचं चामडं ओलसर करून तो कलबुतावर ताणतो, कडा तळाखाली वळवून पक्क्या करतो आणि वाळू देतो. ठोकळा काढला तरी आकार राहतो. पाऊस हीच क्रिया उलटी करतो. जोडा पुन्हा भिजतो, तंतू पुन्हा सुटतात, आणि या खेपेला आत ठोकळा नसल्यामुळे वाळताना चामडं वाट फुटेल तिकडे जातं. म्हणजे दुसरं वाळणं पहिल्यासारखं करून घेणं, एवढंच या लाकडाचं काम. पारंपरिक कोल्हापुरीला ही भानगड नाही. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची ती उघडी, सपाट चप्पल. बंद जोड्यासारखी ठोकळ्यावर ताणलेली नसते.

कलबुतावर चामडं ताणण्याचं काम शेकडो वर्षं हातानेच चाललं होतं, आणि जोड्याच्या धंद्यात सगळ्यात वाकबगार हात त्यालाच लागत. कसलेला कारागीर दिवसाला पन्नासेक जोड ताणायचा. ते यंत्राने करून दाखवलं यान अर्न्स्ट मात्झेलिगर या माणसाने. जन्म १८५२चा, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, आजच्या सुरीनाममध्ये. वडील डच अभियंता, आई कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या लिन या जोड्यांच्या गावात तो कारखान्यात मजुरी करी आणि रात्री यंत्राचे नमुने जुळवी. गावातल्या काही चर्चांनी त्याला वर्णामुळे दारातून परत पाठवलं होतं. २० मार्च १८८३ रोजी त्याला पेटंट मिळालं. त्याचं यंत्र दिवसाला दीडशेपासून सातशेपर्यंत जोड ताणू लागलं आणि जोडे स्वस्त झाले. तो स्वतः १८८९ साली क्षयाने गेला, वय अवघं ३६. बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी, त्याच तारखेला, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. पण महाड-पोलादपूरच्या माणसाला मात्झेलिगरची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. चामड्याचं काम करणाऱ्याच्या हाताला आपल्याकडे काय किंमत होती, हे या तालुक्यांना कोणी शिकवायला नको.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे. आपल्या हवेसाठी हे लाकूड नव्याने आखायचं झालं तर कसं आखावं?

पहिली अडचण अशी, की कलबूत पूर्ण भरीव चालतं, कारण जोडा त्याच्याभोवती उभा राहतो. हे लाकूड तयार जोड्यात तोंडातून आत जायचं, म्हणजे ते आधी आखूड आणि मग लांब व्हायला हवं. बाजारात यासाठी स्प्रिंग वापरतात. सगळ्यात स्वस्त नमुन्यात पुढे पंज्याचा तुकडा, मागे लहानशी गोळी आणि मध्ये वाकवलेली पोलादी तार असते. माझ्या मते हा नमुना घेऊच नये. सगळा दाब त्या गोळीपाशी एका ठिकाणी येतो आणि काही महिन्यांत टाचेच्या मागे फुगवटा येतो. टाच टाचेसारखी रुंद हवी, म्हणजे दाब पसरतो. शिवाय आपल्या दमट हवेत साध्या पोलादाची स्प्रिंग गंजते आणि गंजाचे डाग अस्तरावर उतरतात.

याला उत्तर सुताराकडे आहे: पाचर. जुन्या युरोपात घोडेस्वारांच्या उंच बुटांसाठी तीन तुकड्यांचा ठोकळा असे, पुढचा एक, मागचा एक आणि मध्ये वरून सरकणारी पाचर. स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, गंजण्याचा प्रश्न नाही. साध्या बुटासाठी हाच विचार आडवा करता येतो. पंजा आणि टाच असे दोन तुकडे, दोघांना जोडणारी खाच आणि खाचेत बसणारी पाचर. धोका एकच: पाचरीला थांबणं कळत नाही. ठोकत गेलं की शिवण उसवते. म्हणून पाचरीवर खूण हवी, त्यापुढे ती जाऊ नये असा खांदा हवा, आणि ती अंगठ्याच्या दाबाने बसावी. हातोडीला तिथे काम नाही.

दुसरी अडचण लाकडाची. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि ते लांबीत नव्हे, रुंदीत. आडव्या पाटाच्या फळीचं फुगणं उभ्या शिरेच्या फळीच्या साधारण दुप्पट असतं. नऊ सेंटीमीटर रुंदीचा पंजा उन्हाळ्यात नेमका बसता केला, तर श्रावणात तो एक-दीड मिलिमीटरने वाढलेला असतो. जोड्यात एवढी वाढ पुरेशी त्रासदायक होते. म्हणून पंजा मधोमध उभा चिरावा आणि दोन फाकांत थोडी फट ठेवावी. फुगवटा त्या फटीत जिरतो.

परदेशी ठोकळे ज्या सुवासिक ‘सिडार’चे म्हणून मिरवतात, ते झाड बहुतेक वेळा खरा देवदार नसून जुनिपरच्या जातीचं असतं. आपल्याला ते मागवायची गरज नाही. शिवण हलकं असतं, फार वाकडं होत नाही आणि कोकणातल्या सुताराच्या हातातलं आहे. तूणही हलकी आणि सुगंधी. तिच्या सिगारपेट्या होत असत. सागवान टिकाऊ खरं, पण तेलकट, ओल कमी पितं. आणि लाकडाने ओल प्यायलाच हवी. त्यामुळे व्हार्निश मारलेला चकचकीत ठोकळा म्हणजे निम्मं काम सोडून दिलेला ठोकळा. लाकूड उघडं ठेवावं, आणि उघडीप मिळेल तेव्हा त्यालाही ऊन दाखवावं.

वापरताना एक पथ्य आहे. चिंब जोडा आधी कागदाने भरावा, कागद दोन-तीनदा बदलावा, ओल उतरली की मगच लाकूड घालावं. चुलीशेजारी जोडा वाळवण्याची आपली सवय सर्वांत वाईट. ओलं कच्चं कातडं साठ-पासष्ट अंशांपाशी आक्रसतं, हिरड्या-बाभळीत कमावलेलं सत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान. क्रोमने कमावलेलं शंभरच्या आसपास टिकतं. जोड्यात कोणतं चामडं आहे हे दुकानदारही सांगू शकत नाही, तेव्हा जाळापासून लांब ठेवणं बरं.

तिसरी अडचण मापाची, आणि ती सर्वांत मोठी. आपण इंग्रजी आकडे वापरतो, एका आकड्याला एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे झालं लांबीचं. रुंदीचं कोण बघतो? चेन्नईची केंद्रीय चर्मसंशोधन संस्था १९४८ साली स्थापन झाली. तिने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक माणसांची पावलं मोजली. निष्कर्ष असा निघाला, की भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा सरासरीने रुंद आहे आणि त्यासाठी स्वतंत्र मापं हवीत. त्या प्रस्तावित पद्धतीला ‘भा’ असं नाव दिलं गेलं. अनवाणी डोंगर चढलेल्या पोलादपूरकराला हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटणार नाही. परदेशी अरुंद मापाचा ठोकळा आपल्या रुंद पायाने सैलावलेल्या जोड्यात घातला, तर तो आकार राखत नाही, नुसता आत पडून राहतो. म्हणून पंजाच्या दोन फाकांत लाकडाच्या पातळ चिपा घालून रुंदी वाढवता आली पाहिजे. लांबी पाचरीने, रुंदी चिपांनी. चार-पाच मापांत सगळं घर भागावं.

यात न करता येण्यासारखं काहीच नाही. राज्याचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १ मे १९७४ पासून आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचे वर्ग चालतात, आणि शिवण बांधाबांधांवर उभं आहे. एरवी सुतार लाकडापाशी थांबतो आणि चर्मकार चामड्यापाशी. महामंडळाने या दोघांना एका बाकावर बसवावं, शंभर जोड ठोकळे करून पोलादपूर आणि महाडच्या शाळांत, पोलीस ठाण्यांत एका पावसाळ्यापुरते वापरायला द्यावेत आणि दसऱ्याला जोडे मोजून बघावेत.