दहावी बाहेरून

दहावी राहून गेली की ती खरी नडते तिशी-पस्तिशीत. रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला निघालेला तरुण मॅट्रिक नसेल, तर त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शेरा येतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. अंगणवाडीच्या भरतीत आता बारावी मागतात, आणि बारावीला जायचं तर आधी दहावी हवी. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडचीही तीच अट. कारखान्यात वर्षानुवर्षं मशीन चालवणाऱ्याला सगळं काम येतं, पण बढतीच्या यादीत त्याचं नाव लागत नाही.

‘आता या वयात कुठं’ म्हणून बरेच जण विषय तिथंच सोडतात. पण या परीक्षेला वयाची अट आहे ती खालून, वरून नाही.

शाळेत न जाता राज्य मंडळाची परीक्षा द्यायची, तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. किमान पाचवी पास, वयाची १४ वर्षं पूर्ण आणि हातात शाळा सोडल्याचा दाखला, एवढं असलं की फॉर्म भरता येतो. तो आता ऑनलाइन भरतात. जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि परीक्षेचा अर्ज, तोंडी, प्रात्यक्षिकं, हॉल तिकीट हे सगळं तिच्यामार्फत होतं. लेखी पेपर नियमित मुलांचेच, निकालही त्यांच्याबरोबरच.

इथं एक गफलत नेहमी होते. जो दहावीला बसला आणि नापास झाला, त्याच्यासाठी हा फॉर्म नाही. तो पुनर्परीक्षार्थी. त्यानं आपल्या जुन्या शाळेत जाऊन अर्ज भरायचा. पास झालेल्या विषयांची सूट घेऊन राहिलेलेच विषय देण्याची सोय त्याला असते. मार्चमध्ये एक-दोन विषय राहिलेल्यांसाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षाही होते. ही साधी माहिती वेळेवर न मिळाल्यानं माणसं निष्कारण पहिल्यापासून सुरुवात करायला निघतात, किंवा नादच सोडतात.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ सालची. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्याला तिची रचना जास्त सोयीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दहावीसाठी पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. गणित घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. या खेपेला दोन विषय दिले, पुढच्या खेपेला घरात लग्न निघालं म्हणून एकच दिला, तरी चालतं. मराठी माध्यमही आहे. मात्र पुढे पॉलिटेक्निक किंवा तांत्रिक ट्रेड मनात असेल, तर भीतीपोटी गणित-विज्ञान सोडू नये. आधी कशासाठी दहावी हवी ते ठरवावं, मग वाट निवडावी.

ज्यांची पाचवीही झालेली नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथं पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा पायऱ्या आहेत. आणि ‘परीक्षा न देता महिन्यात दहावी’ अशी पाटी लावणाऱ्यांपासून दूर राहावं. मान्यता नसलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र नोकरीच्या पडताळणीत टिकत नाही, आणि तोवर पैसेही गेलेले असतात.

एकट्यानं पुस्तक उघडून बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी रात्रशाळा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, इतकी ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात तिनं कामगारांच्या पिढ्या शिकवल्या. आज त्याच बाकांवर कॅन्टीनमध्ये, दुकानात, ऑफिसात दिवसभर राबलेली मुलं आणि घरकाम आटोपून आलेल्या बायका बसतात. रात्रशाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरते. पण संध्याकाळी प्रयोगशाळा आणि वाचनालयाला कुलूप असतं, आणि विद्यार्थी उपाशीपोटी आलेला असतो. ‘मासूम’ ही संस्था २००८पासून मुंबईत याच गोष्टींवर काम करते आहे: तासाआधी खाणं, वह्या-पुस्तकं, विज्ञानाचे प्रयोग. हे खरं तर सरकारचं काम आहे. दिवसाच्या शाळेतल्या मुलाला जे मिळतं, ते रात्रीच्या विद्यार्थ्याला मागून घ्यावं लागू नये.

अभ्यासापेक्षा जास्त माणसं अडतात ती कागदांवर, आणि त्यातही बायका. दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचं. गुणपत्रिकेवर शाळेच्या नोंदीतलं नाव येतं, म्हणून दोन्ही नावं जोडणारं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. दाखला हरवला असेल, तर शाळेकडून दुय्यम प्रत घ्यायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यासाठी गावी जावं लागतं, जुनं जनरल रजिस्टर काढायला लावावं लागतं, आणि ज्या शाळेतून वीस वर्षांपूर्वी निघून गेलो तिच्या ऑफिसात उभं राहून आपली ओळख सांगावी लागते. पुष्कळांची हिंमत तिथंच संपते.

सतरा नंबरच्या फॉर्मच्या तारखा मंडळ साधारण पावसाळ्यात जाहीर करतं. त्या दिवसांत जुना दाखला मागायला एखादी बाई किंवा एखादा कामगार दारात आला, तर मुख्याध्यापकांनी आणि ऑफिसातल्या क्लार्कनी कृपा करून ‘उद्या या’ म्हणू नये. ते आजची रोजी बुडवून आलेले असतात.