लस सर्वांपर्यंत कशी पोचेल?

धान्य वखारीत आले म्हणजे ते गरिबाच्या चुलीपर्यंत पोचले असे होत नाही, हे आपणा व्यापारी बंधूंस सांगणे नलगे. रोगप्रतिबंधक लसीचीही गोष्ट तीच आहे.

करोनावरील कोव्हॅक्सिन ही लस आपल्याच शहराजवळ, जिनोम व्हॅलीत, भारत बायोटेकने तयार केली. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू होताच मुलाने भ्रमणध्वनीवरून कोविन प्रणालीत माझे नाव नोंदविले व मला लस मिळाली. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचा समावेश झाला. मात्र त्यांस आरंभी कोविनवर नोंदणी करणे अनिवार्य होते. मराठी, तेलुगू आदी भाषा त्या प्रणालीत जूनमध्ये आल्या.

बेगम बाजारातील आमच्या वखारीतला तरुण हमाल मराठवाड्याचा. त्याच्यापाशी साधा फोन, इंग्रजीचा गंध नाही. मे महिन्यात तो करोनाने अंथरुणास खिळला. सुदैवाने वाचला. लसीचा तुटवडा होता हे खरे. परंतु रांगेत त्याचे नावच नव्हते, हा दोष माझा. दिवसभर गर्दीत वावरून पोती वाहणारा तो, आणि गादीवर बसून लस घेतलेला मी!

पुढे मेअखेर तेलंगण शासनाने भाजीविक्रेते, किराणा दुकानदार इत्यादींसाठी स्वतंत्र मोहीम काढली. ऑगस्टमध्ये शहरात फिरत्या गाड्या वस्तोवस्ती गेल्या. सप्टेंबरात विकाराबाद जिल्ह्यात ड्रोनने लस पोचविण्याचा प्रयोग झाला.

या लसी २ ते ८ अंश सेल्सियस उष्णतामानात ठेवाव्या लागतात. साठा व उष्णतामान यांची नोंद ई-विन नावाची प्रणाली ठेवते. यंत्र हिशेब चोख ठेवते. परंतु ज्याचे नाव वहीत चढलेच नाही, त्याची थकबाकी वही कशी दाखविणार? त्याचे भय घालवून हात धरून नेणे, हे ओळखीच्या माणसाचेच काम.

आज गरोदर माता व बालके यांच्या लसीकरणाची नोंद यू-विन प्रणालीत होते. त्यामुळे गावी घेतलेल्या लसीची नोंद शहरातील केंद्रातही पाहता येते. गाव व शहर यांत ये-जा करणाऱ्या हमालांच्या मुलांस ही मोठीच सोय आहे. म्हणून नम्र सूचना अशी की, प्रत्येक पेढीने वर्षातून दोनदा आपल्या हमाल-गुमास्त्यांच्या मुलांची लसीकरण पत्रिका पाहावी. लस चुकली असल्यास कुटुंबास जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. एवढा खर्च आपल्या वहीस जड नाही.