कापाल तितके वाढतील

चेरी श्रिंपच्या टाकीत पिल्लं दिसू लागली की पाळणाऱ्याचं अर्धं लक्ष काचेकडेच असतं. तिथेच एखाद्या दिवशी त्याला काहीतरी वेगळं दिसतं. पांढरट, दोऱ्यासारखं, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, एका टोकानं काचेला चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला पाच-सहा बारीक बाहू पाण्यात सैल सोडलेलं. हा हायड्रा. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात ज्याची आकृती काढून आपण मार्क मिळवले, तोच. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ब्लेड घ्यायचं आणि काच खरवडायची. नेमकं तेच करू नये.

का, ते 1740 साली हॉलंडमध्ये कळलं. हेगजवळच्या एका बागबंगल्यावर आब्राहाम ट्रेंबली हा जिनिव्हाचा तरुण काउंट बेंटिंक यांच्या मुलांना शिकवायला होता. चराच्या पाण्यात त्याला हिरवे, इवलेसे जीव सापडले. ही वनस्पती की प्राणी, असा त्याला प्रश्न पडला. त्यानं साधी कसोटी लावली: आडवा कापायचा, दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती. दोन्ही जगले! डोक्याकडच्या भागाला बूड फुटलं, बुडाकडच्या भागाला बाहू. पण हे प्रकरण चालतही होतं, कोलांट्या घेत सरकत होतं आणि शिकार करून खात होतं. म्हणजे प्राणीच. ट्रेंबलीनं मग त्याचे आणखी तुकडे केले, डुकराच्या राठ केसानं त्याला आतून बाहेर उलटंही केलं. तरी जगला. पॅरिसमध्ये निसर्गअभ्यासक रेओम्यूरनं हे प्रयोग करून पाहिले तेव्हा त्याचाही डोळ्यांवर विश्वास बसेना. 1743 साली ट्रेंबलीला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

तेव्हा काचेवर ब्लेड फिरवणारा माणूस नकळत ट्रेंबलीचा प्रयोगच करत असतो. काहीशे पेशींच्या तुकड्यातूनही नवा हायड्रा उभा राहू शकतो. त्याच्या शरीरात मूलपेशी अखंड विभागत राहतात. नव्या पेशी जुन्यांना टोकांकडे ढकलतात, जुन्या तिथून गळून जातात, आणि साधारण तीन आठवड्यांत सगळं शरीर नवं होतं. खाणं भरपूर असेल तर हायड्राच्या अंगावरच कोंब फुटतो आणि तीन-चार दिवसांत तो वेगळा होऊन स्वतःचा संसार थाटतो. 1998 साली दानिएल मार्टिनेझ यांनी चार वर्षं पाळलेल्या हायड्रांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्यात म्हातारपणाची एकही खूण दिसली नव्हती.

एवढ्या लेच्यापेच्या जीवाकडे शस्त्र मात्र भयंकर आहे. बाहूंवरच्या दंशपेशींत गुंडाळलेली नळी असते. भक्ष्याचा स्पर्श झाला की ती बाहेर उडते. जर्मन शास्त्रज्ञांनी 2006 साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं: सुरुवातीचा वार 700 नॅनोसेकंदांत होतो, आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींच्या वर जातं. त्यापुढची गोष्ट मला जास्त अचंबित करते. जखमी भक्ष्यातून ग्लुटाथायोन पाझरतं आणि त्याची चाहूल लागल्यावरच हायड्रा तोंड उघडतो. तेही कायमचं तोंड नव्हे; बंद असताना तिथली त्वचा सलग असते. प्रत्येक घासाला ती फाटते आणि नंतर पुन्हा मिटते. मेंदू नाही, फक्त चेतापेशींचं विरळ जाळं. मोठ्या श्रिंपला हायड्राचा फारसा धोका नसतो. दोन मिलिमीटरचं पिल्लू मात्र त्याच्या तावडीत सापडू शकतं.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी याच प्राण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या हायड्राचा एक वाण ‘इंड-पुणे’ या नावानं ओळखला जातो. प्रयोगशाळांत हायड्राला आर्टेमिया या इवल्या जलचराची नुकती फुटलेली पिल्लं खाऊ घालतात. आणि आपण घरी टाकीत काय टाकतो? आर्टेमियाच, किंवा पिल्लांसाठी बारीक पूड. थोडक्यात, हायड्राचा खानावळवाला आपणच असतो.

म्हणून पहिला उपाय खाणं आवरण्याचा. पूड आणि जिवंत खाद्य बंद करावं, तळाचा गाळ सायफननं ओढून काढावा. उपाशी हायड्रा आक्रसतो, कोंब थांबतात. हिरव्या जातीला मात्र उपासाची फिकीर कमी, कारण तिच्या पेशींत राहणारं शेवाळ उजेडात साखर बनवून तिला पुरवतं. तांब्याची औषधं हायड्राला मारतात, पण त्यांनी श्रिंपही मरतात. गुरामी मासा हायड्रा खातो, आणि श्रिंपची पिल्लंही. त्याला आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कुत्र्यांच्या जंतांवरचं फेनबेंडाझोल बहुतेकदा लागू पडतं. जंतांच्या पेशींत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं आणि पेशींचा आतला सांगाडा उभा राहू देत नाही. श्रिंप पाळणाऱ्यांत रूढ असलेलं प्रमाण 40 लिटरला साधारण 20 मिलिग्रॅम मूळ औषध. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून बारीक कुटून थोड्या पाण्यात जोरात हलवून टाकतात.

दुसरं औषध तर आपल्या पानाच्या डब्यातलं: बाजारात मिळणाऱ्या एका जंतनाशक पुडीत सुपारीचा अर्क असतो. सुपारीतलं अरेकोलिन कुत्र्यांच्या पट्टकृमींवर पूर्वी सर्रास देत. हायड्राची सुपारी सुपारीलाच दिल्यासारखं! अर्थात घरची सुपारी टाकीत टाकू नये. तिच्यात अरेकोलिन किती, याचा काही नेम नसतो.

औषधानं हायड्रा एकदम मेले तर पाण्यात अमोनिया वाढतो, तेव्हा थोडं थोडं पाणी बदलत राहावं आणि शेवटी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. नेराइटसारख्या गोगलगाई दोन्ही औषधांनी मरू शकतात. त्यांना आधीच दुसऱ्या भांड्यात हलवावं आणि परत सोडायची घाई करू नये, कारण फेनबेंडाझोल तळाच्या रेतीत कितीतरी आठवडे टिकून राहतं.