भट्टीच्या आतली भिंत

भट्टी बाहेरून पोलादी दिसते, पण आग झेलते ते आतले अस्तर. पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे साध्या पोलादाची ताकद झपाट्याने घटते. लाकूड किंवा कोळसा जळताना आतले तापमान हजाराच्या वर जाते. पत्र्याला या आगीपासून अग्निविटांचा किंवा कास्टेबलचा, म्हणजे आगीत टिकणाऱ्या काँक्रीटचा, थर वाचवतो. हा थर झिजणार हे गृहीतच असते. तो वेळेवर उकरून पुन्हा बसवणे हा एक स्वतंत्र आणि कसबाचा धंदा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात पोलादाचे मोठे कारखाने नसले, तरी अस्तरे पुष्कळ आहेत. जयगडला ३०० मेगावॉटचे चार संच असलेले औष्णिक वीज केंद्र आहे. रत्नागिरी आणि चिपळूणच्या जेके फाइल्सच्या कारखान्यांत कानशी बनतात. कानशीचे पोलाद कडक करायचे तर साडेसातशे अंशांच्या पुढे तापवावे लागते. लोटे परशुरामच्या रसायन कारखान्यांना वाफ लागते, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मासळी उद्योगाला लागते, आणि गावोगावच्या काजू कारखान्यांनाही.

कोकणातल्या लहान बॉयलरांत लाकूड, भुशाच्या कांड्या किंवा काजूची टरफले जळतात. या जळणाच्या राखेत पोटॅशियम असते. तापलेल्या विटेतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी त्याचा संयोग होऊन काचेसारखा थर तयार होतो. तो फुगतो, तडकतो आणि विटेचा तोंडाकडचा भाग घेऊनच गळून पडतो. नुसत्या उष्णतेपेक्षा हे दुखणे जास्त नुकसान करते. पाणी मारून आग घाईने विझवणे, हे दुसरे कारण.

काम सुरू होते तोडण्यापासून, आणि माणसाला सर्वांत मोठा धोका इथेच असतो. जुन्या अस्तराची धूळ म्हणजे बारीक सिलिका; ती वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अस्तराच्या फटींत भरलेली आणि हजार अंशांजवळ बराच काळ राहिलेली सिरॅमिक लोकरही काही अंशी क्रिस्टोबलाइट या घातक सिलिकेत बदललेली असते. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. योग्य मास्क हवा, तोडण्याआधी पाण्याचा फवारा हवा. भट्टी पूर्ण थंड होऊन आत हवा खेळल्याशिवाय माणूस उतरवू नये आणि आतला हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नसावा, हे कारखाना कायद्यापासून चालत आलेले जुने नियम आहेत.

विटा निवडताना गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून पाहतो. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत चीर आहे असे समजायचे. नेहमीची वीट २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची असते. बाजारात ती ‘आयएस-६’, ‘आयएस-८’ अशा मानकांच्या नावाने मागतात. घरच्या भिंतीत मसाल्याचा जाड थर चालतो, इथे तो एक-दोन मिलिमीटरच ठेवायचा, कारण आग आधी सांध्यातच शिरते. विटा तापून फुगतात, मीटरमागे पाच-सहा मिलिमीटर. त्यासाठी ठरावीक अंतरावर फट सोडून तीत सिरॅमिक लोकर भरतात. कमानीची शेवटची, चावीची वीट लाकडी हातोड्यानेच ठोकून बसवतात. कोकणात घरे ज्या जांभ्याची बांधतात, तो भट्टीत कामाचा नाही. त्यातल्या लोहामुळे तो लवकर वितळू लागतो. दापोली-मंडणगडकडे सापडणाऱ्या बॉक्साइटमधला ॲल्युमिना मात्र विटेत जितका जास्त, तितकी ती अधिक तापमान सोसते.

जिथे वीट बसत नाही, अशा बर्नरच्या तोंडाशी किंवा दाराच्या चौकटीत, कास्टेबल ओततात. त्याला धरून ठेवायला पत्र्याला आतून स्टेनलेस स्टीलचे आकडे वेल्ड करतात आणि त्यांच्या टोकांना डांबर फासतात. तापल्यावर डांबर जळून जाते व आकड्याला फुगायला जागा मिळते. हे न केल्यास आकडाच अस्तर फोडतो. पाणी पिण्याच्या दर्जाचे लागते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी कास्टेबलची ताकद घालवते. पावसाळ्यात पोती दमट राहिली, तर माल पोत्यातच गोठतो.

ओतल्यावर एक दिवस ओलसर ठेवून मग सुकवणे सुरू होते, आणि अस्तर किती वर्षे टिकणार हे बहुतेक इथेच ठरते. एक टन कास्टेबलमध्ये शंभर लिटरच्या आसपास पाणी असते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशेपट जागा लागते. ती सापडली नाही तर अस्तराचे तुकडे उडतात. म्हणून तासाला वीस-तीस अंशांनीच तापमान वाढवायचे, ११० अंशांजवळ थांबायचे, मग साडेतीनशेजवळ आणि पुन्हा साडेपाचशे-सहाशेच्या टप्प्यावर. थांबण्याचा काळ थराच्या जाडीवर अवलंबून असतो. उत्पादन खोळंबलेले असते, मालक घाईत असतो, पण या बाबतीत गवंड्याचे ऐकावे. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा मासळी कारखान्यांची दुरुस्ती उरकून घेता येते. मात्र भर पावसात महिनाभर थंड राहिलेले जुने अस्तरही ओल धरते, आणि ऑगस्टमध्ये तेही असेच हळूहळू तापवावे लागते.

भट्टी पूर्ण तापल्यावर बाहेरच्या पत्र्यावर इन्फ्रारेड तापमापक फिरवतात. एखाद्या ठिकाणी पत्रा आजूबाजूपेक्षा खूप तापला किंवा त्याचा रंग उडाला, तर त्यामागे सांधा उघडला आहे किंवा वीट सरकली आहे. त्या जागेवर खूण करतात, तिच्यावर रोज नजर ठेवतात, आणि पुढच्या बंदमध्ये काम तिथून सुरू होते.