अन्ननलिका आणि श्वासनलिका : आधी नळी एकच असते, मग दोन कशा होतात? आणि बाळाला पहिल्या दिवशी मध का चाटवू नये?

डोंबिवली स्टेशनबाहेर घाईघाईत वडापाव खाताना फोन वाजला, तोंडात घास असतानाच 'हॅलो' म्हटलं, की ठसका ठरलेला. डोळ्यांत पाणी येतं, बाजूला उभा असलेला अनोळखी माणूसही पाठीवर थाप मारतो. घरी असाल तर आई टाळूवर थोपटत 'वर बघ, वर बघ' म्हणते. घास 'चुकीच्या नळीत' गेला, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं.

पण ही चूक होऊच शकते, अशी रचना मुळात का आहे? हवेचा रस्ता आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतात. कुठल्याही शहाण्या इंजिनिअरने दोन पाइप असे टाकले नसते. प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावर एक छोटं झाकण पडतं आणि त्या एका झाकणाच्या भरवशावर आपण आयुष्यभर जेवतो.

याचं उत्तर आईच्या पोटातल्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. तेव्हा या दोन नळ्या नसतातच. एकच नळी असते.

पोळीची नळी होते

गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे तीन थरांची एक सपाट चकती असते. चौथ्या आठवड्यात ही चकती दुमडायला लागते. पोळीच्या कडा खालच्या बाजूला वळवून एकमेकींना चिकटवल्या, तर पोळीची खालची बाजू आत जाते आणि नळी तयार होते. इथेही तसंच घडतं. सगळ्यात खालचा थर आत गुंडाळला जातो आणि आद्य आतडं तयार होतं. ते दोन्ही टोकांना बंद असतं. तोंडाकडचा पडदा चौथ्या आठवड्यात फाटतो, गुदद्वाराकडचा त्यानंतर काही आठवड्यांनी.

इथे आठवड्यांचा एक घोळ समजून घ्यायला हवा. डॉक्टर गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भविज्ञानाची पुस्तकं गर्भ राहिल्यापासून मोजतात. म्हणजे पुस्तकातला चौथा आठवडा हा फाइलवरचा सहावा. पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. काही जणींनी अजून टेस्टही केलेली नसते आणि आत मुगाच्या दाण्याएवढ्या गर्भात पचनसंस्थेची पायाभरणी सुरू झालेली असते.

या नळीच्या पुढच्या भागातून घसा, अन्ननलिका, जठर, यकृत आणि स्वादुपिंड तयार होतात. मधल्या भागातून लहान आतड्याचा बराचसा भाग आणि मोठ्या आतड्याची सुरुवात, तर शेवटच्या भागातून उरलेलं मोठं आतडं. नळीचं आतलं अस्तर या खालच्या थराचं. बाहेरचे स्नायू आणि रक्तवाहिन्या मधल्या थरातून येतात.

मग फुप्फुसं कुठून आली?

याच नळीतून. साधारण बाविसाव्या दिवसाच्या सुमारास नळीच्या पुढच्या भागाला, छातीकडच्या भिंतीवर, एक लहानसा फुगवटा येतो. हा फुप्फुसांचा अंकुर. तो खाली वाढत जातो आणि काही दिवसांतच त्याला दोन फांद्या फुटतात, एक उजवी, एक डावी. पुढे उजवीला तीन उपफांद्या फुटतात, डावीला दोनच. म्हणून मोठेपणीही उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन.

अंकुर वाढत असताना त्याच्या आणि मूळ नळीच्या मध्ये भिंत उभी राहते. पुढची बाजू श्वासनलिका होते, मागची अन्ननलिका. कोणत्या पेशीने काय व्हायचं, याचे आदेश जनुकं देतात. उंदरांवरच्या संशोधनात असं दिसलं, की पुढच्या बाजूच्या पेशींत एनकेएक्स २-१ नावाचं जनुक सुरू असतं आणि मागच्या बाजूला सॉक्स २ जोरात असतं. हा समतोल बिघडवला तर वाटणीही बिघडते. भिंत नेमकी कशी पुढे सरकते, यावर मात्र शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे.

थोडक्यात, फुप्फुसं म्हणजे पचनसंस्थेला फुटलेली फांदी. वरचं टोक, म्हणजे घसा, दोघांचं सामाईकच राहिलं. जिना एक, घरं दोन. ठसका लागतो तो म्हणूनच.

आतडी बाहेर फिरून येतात

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. सहाव्या आठवड्यात आतडं इतक्या वेगाने वाढतं, की गर्भाच्या पोटात त्याला जागा पुरत नाही. तेव्हा यकृतानेच बरीचशी जागा अडवलेली असते. मग आतड्याचा वेटोळा चक्क नाळेत शिरतो. तिथे तो वाढतो, फिरतो आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततो. जाताना आणि येताना मिळून तो २७० अंश वळलेला असतो. आपलं अपेंडिक्स उजव्या बाजूला खाली असतं, त्याचं कारण हे वळण.

आतडं परत आलंच नाही, तर बाळ जन्मतं तेव्हा नाळेच्या पिशवीत आतडं दिसतं. परत आलं पण नीट वळलं नाही, तर ते नंतर कधीही पिळवटू शकतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : नवजात बाळाला हिरवी उलटी. दुधाची पांढरी उलटी बहुतेक वेळा साधी असते. हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं.

फुप्फुसांचं काम मात्र खूप उशिरापर्यंत चालतं. वायुकोश उघडे ठेवणारा साबणासारखा एक द्रव गर्भात साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर तयार व्हायला लागतो (हे आठवडे डॉक्टरांच्या मोजणीचे) आणि चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास तो पुरेसा होतो. त्याआधी प्रसूती होण्याची शक्यता दिसली, तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, ती बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. जन्मानंतरही नवे वायुकोश अनेक वर्षं तयार होत राहतात. मोठ्या माणसात ते तीस कोटींच्या घरात असतात.

वाटणी अर्धवट राहिली तर

आता पुन्हा त्या भिंतीकडे. जगभरात साधारण अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात ही वाटणी नीट झालेली नसते. याचे काही प्रकार आहेत, पण सुमारे ८५ टक्के बाळांमध्ये एकच चित्र दिसतं. अन्ननलिकेचा वरचा तुकडा बंद पिशवीसारखा संपतो आणि जठराकडून येणारा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो.

म्हणजे बाळाने गिळलेली लाळ वरच्या पिशवीत साठते आणि उतू जाऊन फुप्फुसात उतरते. खालून जठरातलं आम्लही फुप्फुसात चढतं. दोन्हीकडून हल्ला.

'सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसं?' हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो. पोटातलं बाळ भोवतालचं पाणी गिळत असतं. ते गिळता आलं नाही तर आईच्या पोटात पाणी वाढतं आणि सोनोग्राफीत बाळाचं जठर लहान दिसतं किंवा दिसतच नाही. संशय येतो तो इथे. पण खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असेल, तर त्या वाटेने थोडं पाणी जठरात पोचतं आणि चित्र ठीक दिसतं. म्हणून अठरा ते बावीस आठवड्यांची तपासणी नीट होऊनही हा दोष निसटू शकतो. त्यात दर वेळी डॉक्टरची चूक असतेच असं नाही. आणि आईने काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा तर काहीच संबंध नाही.

पहिला दिवस

खुणा जन्मानंतर काही तासांतच दिसतात. तोंडातून सतत फेस येतो, पुसला तरी पुन्हा येतो. पहिल्यांदा पाजलं की बाळ गुदमरतं, खोकतं, ओठ निळे पडतात.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. बाळाच्या तोंडातून एक मऊ नळी आत सरकवतात. ती साधारण दहा सेंटिमीटरवर अडली, पुढे जाईचना, तर एक्स-रे काढतात. एक्स-रेमध्ये नळी वरच्या पिशवीत वेटोळं घालून बसलेली दिसते.

आता मधाचा मुद्दा. आजही अनेक घरांत बाळ हातात आलं, की सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात किंवा गुटी देतात. वडीलधारी मंडळी हे प्रेमानेच करतात. पण अन्ननलिका बंद असलेल्या बाळात तो थेंब फुप्फुसाच्या वाटेला लागतो. निरोगी बाळालाही मधातून एक दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. आजीला 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणण्यापेक्षा या दोन नळ्यांची गोष्ट सांगितलेली बरी.

फेस दिसला तर काहीही पाजायचं नाही, आईचं दूधही नाही. बाळाचं डोकं थोडं वर ठेवायचं, तोंडातली लाळ सक्शनने काढत राहायची आणि नवजात शिशूंचा आयसीयू व बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी न्यायचं.

डोंबिवलीहून कुठे?

खरी अडचण इथे येते. बालशल्यचिकित्सक प्रत्येक प्रसूतिगृहात नसतो. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. त्यापुढे मुंबईत शीव, केईएम आणि परळचं वाडिया. वाडिया तर १९२९ पासून फक्त मुलांसाठी आहे. डोंबिवली ते परळ अंतर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर. पण शिळफाट्याला संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही विचारा, इथे किलोमीटर मोजून उपयोग नसतो.

म्हणून निघण्याआधी फोन करायचा : खाट आहे का, सर्जन आहे का. रुग्णवाहिकेत सक्शन आणि ऑक्सिजन आहे का, हेही विचारायचं. सरकारी संस्थेत आजारी नवजात बाळावरचे उपचार आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. हा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बालशस्त्रक्रियांचा समावेश आहे. कोणत्या हॉस्पिटलमध्ये ती लागू आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून कळतं.

मुलांमधले जन्मजात दोष शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं, हृदयातले दोष अशा गोष्टींसाठी ही तपासणी मोलाची आहे. अन्ननलिकेचा हा दोष मात्र नंतर होणाऱ्या तपासणीची वाट पाहत नाही. तो प्रसूतीच्या खोलीतच पकडावा लागतो, आणि बऱ्याचदा पकडते ती नर्स.

कल्याणच्या आनंदीबाईंच्या काळात

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ साली कल्याणमध्ये झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहाच दिवस जगला. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्याकडे वळल्या आणि १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला पदवी घेतली. विषय होता प्रसूतिशास्त्र.

आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या वर्षी अन्ननलिका बंद असलेलं एकही बाळ जगात कुठे वाचवता येत नव्हतं. या दोषाचं वर्णन थॉमस गिब्सन या इंग्रज डॉक्टरने १६९७ मध्येच करून ठेवलं होतं. म्हणजे आजार माहीत होता, उपाय नव्हता. १९३९ मध्ये अमेरिकेत लेव्हन आणि लॅड या दोन सर्जननी, वेगवेगळ्या शहरांत, टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करून बाळं जगवली. १९४१ मध्ये मिशिगनच्या कॅमेरॉन हाइट यांनी एकाच शस्त्रक्रियेत अन्ननलिकेची दोन टोकं जोडून दाखवली.

आजची पद्धत मुळात तीच आहे. बहुतेकदा उजव्या बाजूने बरगड्यांमधून आत जाऊन श्वासनलिकेशी असलेली जोडणी बंद करतात आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक अन्ननलिकेची टोकं टाक्यांनी जोडतात. टोकांमध्ये अंतर जास्त असेल, तर आधी पोटातून नळी टाकून बाळाला वाढवतात, जोडणी नंतर करतात. सुमारे निम्म्या बाळांमध्ये आणखी एखादा दोष असतो, हृदयाचा, मणक्याचा, मूत्रपिंडाचा किंवा गुदद्वाराचा, म्हणून तेही तपासतात. चांगल्या सुविधा असलेल्या देशांत आता दहापैकी नऊहून अधिक बाळं जगतात. आपल्याकडे निकाल बिघडतो तो बहुधा बाळ उशिरा पोचल्यामुळे, फुप्फुसात संसर्ग होऊन गेल्यावर.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा खोकला ऐकला की ओळखू येतो. कुत्रा भुंकल्यासारखा खणखणीत, कारण श्वासनलिकेची भिंत त्या जागी मऊ राहिलेली असते. शाळेत शिक्षक घाबरतात, लोकलमध्ये शेजारचे सरकून बसतात. वाढत्या वयाबरोबर तो बहुतेकदा कमी होतो. जोडलेली जागा कधी अरुंद होते आणि दुर्बिणीने रुंद करावी लागते. एरवी ही मुलं सगळं खातात, फक्त घास लहान, नीट चावून आणि बाजूला पाण्याचा ग्लास ठेवून.