गालिब आणि अनेक जगांचा पेच

रमजानच्या रात्री तरावीहच्या प्रत्येक रकातीत सूरह फातिहा म्हटली जाते. तिच्या सुरुवातीलाच अल्लाहला 'रब्बुल आलमीन' म्हटले आहे. 'आलम' म्हणजे जग आणि 'आलमीन' हे त्याचे अनेकवचन. मग जगे आहेत तरी किती? 1995 मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. आज अशा ग्रहांची संख्या हजारांत गेली आहे. जीवसृष्टी मात्र अजून कुठे आढळलेली नाही. उद्या आढळली तर धर्म कोसळतील, असे काहींना उगाच वाटते.

कुरआनच्या 42व्या सूरेत, 'शूरा'मध्ये, आकाशांत आणि पृथ्वीवर पसरवलेल्या सजीवांचा उल्लेख आहे. बाराव्या शतकातील भाष्यकार फख्रुद्दीन राझी यांनी तर जग एकच असू शकते हे तत्त्वज्ञांचे म्हणणे अमान्य केले होते. तेव्हा जीव असण्याची अडचण नाही. अडचण आहे ती प्रेषिताची. तिथेही बरे-वाईट कळणारे कुणी असतील, तर त्यांना मार्ग कोण दाखवणार? पैगंबर मुहम्मद (स.) अखेरचे प्रेषित आहेत, ते त्यांचेही अखेरचेच का?

एकोणिसाव्या शतकातील दिल्लीत हा वाद चांगलाच पेटला होता. अल्लाहने मनात आणले तर तो पैगंबरांसारखे आणखीही घडवू शकतो, त्याच्या सामर्थ्याला सीमा नाही, असे शाह इस्माईल देहलवी यांचे म्हणणे. मौलाना फजले हक खैराबादी यांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी आपले स्नेही मिर्झा गालिब यांना आपल्या बाजूने फारसी मस्नवी लिहायला लावली. पुढची हकीकत हाली यांनी 1897 च्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये दिली आहे.

गालिबने लिहिले, पण आपल्या पद्धतीने. एका जगात अखेरचा प्रेषित एकच, हे खरे. पण अल्लाह जगे अनेक निर्माण करू शकतो आणि प्रत्येक जगाला त्याचा अखेरचा प्रेषित देऊ शकतो! दोन्ही पक्षांचा मान राखणारी ही तोड मौलानांना रुचली नाही. जगे कितीही असोत, अखेरचा प्रेषित एकच, असे त्यांनी ठणकावले. मित्राचा शब्द मोडवेना, म्हणून गालिबने तशा ओळी पुढे जोडल्या. आधीच्या मात्र खोडल्या नाहीत. त्याच्या फारसी काव्यसंग्रहात दोन्ही मते एकाच मस्नवीत, एकाखाली एक, आजही वाचायला मिळतात.