कुंथू नका, लपवू नका

माता-भगिनींनो, पावसाळा लागला की चंदगड तालुक्यात तुम्हाला उसंत नसते. दिवसभर चिखलात ओणवून भाताची रोप लावायची, संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन घर गाठायचे, मग चूल आणि धारा. परसाकडेची भावना झाली तरी "एवढा तुकडा संपू दे" म्हणून ती दाबली जाते. पुढे खडा होतो, कुंथावे लागते आणि चूर्णाची पुडी सुरू होते. पुडीने चार दिवस बरे वाटते, दुखणे मात्र तसेच राहते. कारण पुष्कळदा दोष आतड्यात नसून ओटीपोटाच्या तळाशी असतो.

हा तळ स्नायूंचा असतो. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भपिशवी व गुदाशय यांचा भार तोच पेलतो. त्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून त्याची वाट वाकवून धरतो. रबरी नळीला मुरड घातली की पाणी थांबते, तसेच हे. शौचास बसल्यावर स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते.

हा तळ दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिली म्हणजे तो ढिला पडतो. लागोपाठची बाळंतपणे, अवघड प्रसूती, जड ओझी, जुना खोकला आणि वर्षानुवर्षांचे कुंथणे ही त्याची कारणे. मग गुदाशय योनीच्या बाजूला फुगतो, मळ त्या फुगवट्यात अडकतो आणि पुरते मोकळे वाटत नाही. कुणाला बोटाने दाबावे लागते, कुणाला वारा आवरत नाही, कुणाचे अंग बाहेर येते. जितके कुंथाल तितका तळ आणखी खाली जातो. दुसरी तऱ्हा म्हणजे सैल पडायच्या वेळीच तो आवळतो. हे पुरुषांतही आढळते.

असली दुखणी बायका अंगावरच काढतात. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग होता; पूर्वी कधी तपासून घेतलेल्या शंभरात जेमतेम ८ होत्या.

आता घरी काय करावे? भावना झाली की लगेच जावे. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्यावा, म्हणजे उकिडवे बसल्यासारखे होते. शेतात पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. नाचणी, पालेभाजी, उसळी पोटात जाव्यात. जालीम जुलाब टाळावा.

तळ ढिला असेल तर व्यायाम करावा. वारा अडवताना जो भाग आत ओढला जातो, तोच श्वास न रोखता आत ओढा. मनात ५ मोजा, मग १० मोजेपर्यंत पूर्ण सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या व पोट आवळू नका. गुण यायला ३ महिने तरी लागतात. तळ आवळणारा असेल तर मात्र आधी तो सैल सोडायला शिकावे लागते; ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

अंग बाहेर येत असेल तर आधाराची कडी बसवता येते. तरुण स्त्रियांची गर्भपिशवी न काढता तिला टेकू देणारी शस्त्रक्रिया डॉ. वि. ना. शिरोडकर यांनीच रूढ केली.

शौचावाटे रक्त पडणे, मळ काळा होणे, वजन घटणे किंवा शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. चंदगडचे ग्रामीण रुग्णालय किंवा गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. तपासणीला बाई डॉक्टर हवी असेल तर तसे मोकळेपणाने विचारा.

आणि घरच्या कारभाऱ्यांनो, एक तुमच्याकडे. बाळंतिणीच्या डोक्यावर निदान ६ आठवडे घागर की भारा चढू देऊ नका. तेवढे दिवस तुम्ही वाहिलेले ओझे तिला जन्मभर वाहावे लागणार नाही.